कडू हाताचे तीन दिवस

धाऊने पाट्यावरचा लगदा बोटावर घेतला, कोणी बघत नाही ना हे पाहिलं आणि बोट चाटलं. मग तो उठला, गोठ्यामागे गेला आणि बराच वेळ थुंकत राहिला. परत आला तेव्हा डोळ्यांत पाणी होतं, पण तोंडावर समाधान होतं. काढा जमला होता.

निदान त्याला तसं वाटलं. लगद्यात कुड्याची साल होती, मागल्या वर्षीच्या वाळलेल्या लिंबोळ्या होत्या, निरगुडीचा पाला होता आणि बांधावरच्या वेलीवर सुकून खडखडणारी कडू पडवळं होती. ह्या चार वस्तू त्याची बायको बाईजा दर पौषात वालावरच्या किडीसाठी रानातून गोळा करून आणी, हे त्याने सोळा वर्षं बघितलं होतं. पुढे ती त्यांचं काय करी, हे मात्र एकदाही बघितलं नव्हतं, कारण बघायची बंदी होती. वाटण चालू असताना बाप्याची सावली पडली तर काढा नासतो, असा बोरीच्या पाड्यावर नेम होता. पाड्यावर असे नेम पुष्कळ होते. ते कोणी केले हे कोणाला ठाऊक नव्हतं. ते सगळे फक्त बायकांनाच पाठ कसे, हेही कोणा बाप्याला कधी खटकलं नव्हतं.

आता नेमाची आठवण करून द्यायला बाईजाच नव्हती. श्रावणातल्या पाच दिवसांच्या तापात ती गेली, त्याला दीड वर्ष होत आलं होतं. त्यानंतरच्या पौषात घराचं कशातच लक्ष नव्हतं. वालावर मावा पडला, तो कोणी बघितला नाही, आणि सगळ्या खाचरातून जेमतेम दोन शेर वाल हाती लागला. धाऊने तो राखेत घोळवून मडक्यात भरला आणि मडक्याचं तोंड शेणाने लिंपून टाकलं.

तो वाल बाईजाचा होता. लग्न होऊन ती मुरबाडकडून, सरळगावच्या बाजूने आली, तेव्हा पदराच्या गाठीत बांधून घेऊन आली होती. लाल, बारीक, एका उकळीत शिजणारा. तिच्या भावांनी तिकडे केव्हाच दुसरा टपोरा वाल धरला होता. म्हणजे सगळ्या जगात हा वाल आता एका मडक्यात होता. यंदा कार्तिकात, भात कापल्यावर राहिलेल्या ओलीवर, धाऊने तो सगळाच्या सगळा पेरला. एक दाणा मागे ठेवला नाही. हे शहाणपण होतं की वेडेपणा, ते मावा ठरवणार होता.

मावा आला. वाल फुलावर आला त्याच आठवड्यात शेंड्याशेंड्याला बसला. काळा, मऊ, मोहरीपेक्षा बारीक किडा. तो पळत नाही, उडत नाही, ओरडत नाही. नुसता बसून रस पितो, आणि धनी जवळ आला तरी उठून उभा राहत नाही.

"मामा, मी वाटू का?" सावळीने दारातून विचारलं. सावळी ही धाऊची सून. गेल्या वैशाखात दामूशी लग्न होऊन घरात आली होती, आणि आल्यापासून ती बसलेली धाऊने पाहिली नव्हती. आताही तिच्या डोक्यावर हंडा होता.

"तुला येतं काय?"

"नाय. आमच्याकडं डोंगरात वाल नाय व्हत. नागली व्हती. तिला मावा नाय पडत."

"मग काय पडतं?"

"रानडुकरं पडतात. त्यांना काढा नाय चालत."

धाऊने मान हलवली आणि पुन्हा वरवंटा धरला. दामू शेणी रचत होता. बाप पाट्याशी बसलाय हे बघायला लागू नये म्हणून तो मुद्दाम पाठ करून रचत होता.

*

कडू हाताची गोष्ट बाईजाच्या पहिल्या पौषात सुरू झाली. नवी नवरी होती. सासूला मावा दिसायचा नाही, डोळे अधू झाले होते, म्हणून बाईजाने माहेरी शिकलेला काढा वाटला, खाचरात शिंपडला आणि घरी येऊन रोजच्यासारख्या भाकऱ्या थापल्या. पहिला तुकडा धाऊने तोंडात घातला आणि उठून बाहेर गेला. त्याच्या मागोमाग म्हातारी उठली. त्यांनी टाकलेली भाकरी कुत्र्याने तोंडात धरली, खाली ठेवली आणि त्या घराकडे तो दोन दिवस फिरकला नाही.

"तीन दिस चुलीला शिवू नको," म्हातारीने फर्मावलं, आणि तीन दिवस कुरकुरत स्वतः रांधलं.

पुढच्या आषाढात म्हातारी गेली. पुढच्या पौषात बाईजाने काढा शिंपडला, घरी आली, ओट्यावर बसली आणि दोन्ही हात, जसे काही ते दुसऱ्या कोणाचे असावेत, तसे समोर धरले.

"अवो, माजे हात कडू हायेत."

"मग?"

"मग काय? चूल तुमच्याकडं बघतंय."

धाऊची पहिली भाकरी तव्यावर गेली तेव्हा गोल नव्हती. तव्यावरून उतरली तेव्हा ती भाकरीही नव्हती. बाईजा ओट्यावरून सांगत होती, पाणी कमी घाला, कडेला दाबा, आता उलटा, अवो उलटा, आणि सांगता सांगता हसत होती. एरवी दिवसभरात तिच्या तोंडून वीसेक शब्द निघत. त्या तीन दिवसांत ती सरळगावच्या विहिरीपासून आपल्या मेलेल्या मामापर्यंत सगळं सांगून मोकळी झाली.

दोन वर्षांत पाड्यावरच्या सातही घरांतल्या बायकांचे हात पौषात कडू होऊ लागले. शेजारच्या हौसाचा नवरा कमळू एवढी सुरेख भाकरी थापू लागला की, बाप्ये ती बघायला येत. बाकीच्यांचा धूर व्हायचा. आटगावच्या स्टेशनातला पॉइंटमन म्हणे तो धूर बघून सांगायचा, बोरीच्या पाड्यावर मावा पडला.

पण खरी अडचण भाकरीची नव्हती. कडू हाताने जेवायचं कसं? पहिल्या दिवशी बाईजा उपाशीच बसली. दुसऱ्या दिवशी धाऊ उठला, दार लोटून घेतलं आणि तिला घास भरवला. दिवसाढवळ्या बायकोला घास भरवणारा बाप्या शहापूर तालुक्यात दुसरा नसावा, ह्या भीतीने त्याने पुन्हा एकदा दाराकडे बघून घेतलं.

"घास मोठा झाला," बाईजा म्हणाली. त्याने लहान केला.

बाहेरून कोणी विचारलं, दार का लोटलंय, तर सांगायचं, मांजर येतंय. पाड्यावर त्या काळी एकच मांजर होतं आणि ते लंगडं होतं. पौषातल्या त्या तीन दिवसांत ते एकाच वेळी सात घरांत शिरत असे.

एका वर्षी धाऊ तिचा हात धरायला गेला तर तिने झटकन मागे घेतला होता. "कडू हात धरू नये," ती म्हणाली होती, "संसार कडू होतो." धाऊने तेही लक्षात ठेवलं. दामू तेव्हा दीड वर्षाचा होता, आणि आईचं बोट चोखत तिच्या मांडीवर झोपला होता. पोरगं फार सोशिक निघणार, असं धाऊला तेव्हा वाटलं होतं.

*

गाळलेला काढा बादलीत घेऊन धाऊ खाचरात उतरला. शिंदीची केरसुणी बुडवायची, झटकायची, पुढे जायचं. उन्हं कलेपर्यंत त्याने सगळं खाचर शिंपडून काढलं. पानावर पडलेला थेंब क्षणभर थांबे, इकडेतिकडे बघे आणि घरंगळून मातीत जाई. मातीतली गांडुळं कडू झाली असतील. मावा होता तिथेच होता. एकदोघांनी जागा बदलली, बहुधा कंटाळा आला म्हणून.

हात मात्र कडू झाले. विडी कडू लागली. ओंजळीतलं पाणी कडू लागलं. मिशी पुसली तर मिशी कडू झाली, आणि मग रात्रंदिवस तो कडवटपणा नाकाखाली घेऊन हिंडावं लागलं. त्याने हात राखेने घासले, मातीने घासले. सावळीने वाढलेल्या भाकरीचा पहिला तुकडा तोंडात गेला आणि त्याला बाईजाची आठवण झाली. ह्या वेळी ती अगदी जिभेवर झाली.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी जरा कमी. म्हणजे तीन दिवस बरोबर होते.

धाऊला फार वाईट वाटलं. सोळा वर्षं तिने हे सोसलं, आणि आपण तव्यापुढे बसून कुरकुरलो. डोळ्यांत धूर जातो म्हणून एकदा तर तिच्यावर ओरडलोही होतो. त्याने मनातल्या मनात तिची माफी मागितली. ती पुरेशी झाली नाही असं वाटून गोठ्यात जाऊन मोठ्याने मागितली. बैलाने मान वर केली, धाऊकडे बघितलं आणि पुन्हा पेंढ्यात तोंड घातलं.

पण माफीने मावा मरत नव्हता. वालाचे शेंडे वाकू लागले होते. फुलं काळवंडून गळत होती. आणखी आठ दिवस असेच गेले तर शेंग धरणार नव्हती, आणि शेंग धरली नाही तर पुढच्या कार्तिकात मडकं रिकामं असणार होतं.

शहापूरच्या बाजारात एक चष्मेवाला माणूस पेटीवर उभा राहून पिकांवरच्या किडींविषयी सांगत होता. धाऊ पुढे जाऊन उभा राहिला.

"मावा? सोपं आहे," चष्मेवाला म्हणाला. "साबण किसायचा, उकळत्या पाण्यात घालायचा, त्यात रॉकेल ओतून घुसळायचं. साबणाने औषध पानाला धरतं, रॉकेलने किडा मरतो."

"एका खाचराला किती रॉकेल?"

"दोन बाटल्या."

मोठी लढाई संपून दीड वर्ष झालं होतं, तरी रॉकेल अजून रेशनच्या चिठ्ठीवर मिळत होतं. घराला महिन्याला एक बाटली. म्हणजे मावा मारायचा तर दोन महिने अंधारात बसायला लागणार होतं. अंधारात मावा दिसणार नाही हा एक फायदा होता, पण धाऊला तो पुरेसा वाटला नाही. साबणाचं तर बोलायलाच नको. दामूच्या लग्नात आणलेली साबणाची वडी अजून जपून वापरली जात होती. ती माणसांच्या आधी किड्यांच्या अंगाला लावायची, हे त्याच्या मनाला पटेना.

*

हौसा लेकीच्या बाळंतपणाला मुरबाडला गेली होती. ती परतली तेव्हा तिला दिसलं ते हे, की धाऊ बांधावर उकिडवा बसलाय आणि माव्याशी बोलतोय.

"भावजी, काढा कोनी केला?"

"मी."

"तुमी? बाप्यानं?"

"सावली माझीच पडली, वयनी. मी काय करू? वाटायला उन्हात बसलो होतो."

हौसा खाचरात उतरली. तिने एक पान उलटं केलं, नखाने मावा निपटला, बोट हुंगलं.

"जिन्नस बराबर हायेत. रिठे किती घातलंव?"

"कसले रिठे?"

"रिठ्याशिवाय वालाच्या पानावर पानी ठरतंय व्हय? घरंगळून जातंय ना सगळं! बाईजा पायलीभर रिठे—"

इथे हौसाने जीभ चावली. पदराचं टोक तोंडात धरून तिने डोंगराकडे बघितलं. डोंगर रोजच्या जागी होता.

"तुमी नका करू," ती म्हणाली. "उद्या मी येतंय आन करून देतंय."

"अर्धा कडू झालोच हाय. मीच करतो."

"भावजी, ऐका. हे बायकांचं काम."

"वाल तिचा हाय," धाऊ म्हणाला. "मीच करनार."

हौसाने पदर कमरेला खोचला.

"बरं. मग रिठे शेवटी घालायचे. चांगला फेस येईपर्यंत हातानं चोळायचे. आन काम झालं की हात धुवायचे नाय. घरी येईपर्यंत पान्याला शिवायचं नाय."

"का?"

"नेम हाय."

"हा नेम मी कधी ऐकला नव्हता."

"बाप्यांसाठी नवा हाय," हौसा म्हणाली आणि झपाझप निघून गेली.

रिठे कुठे असतील हे धाऊला ठाऊक होतं. फडताळावर, कोपऱ्यातल्या काळ्या मडकीत. दर दिवाळीनंतर बाईजा रानातून पायलीभर रिठे आणून वाळवायची. केसांना लागतात, असं सांगायची. तिच्या केसांचा अंबाडा लिंबाएवढा होता. एवढ्याशा केसांना एवढे रिठे का लागतात, हे धाऊने कधी विचारलं नाही. बायकांच्या केसांविषयी आपल्याला काय कळतं, असं त्याचं मत होतं. मडकीत अर्ध्याला थोडे कमी रिठे उरले होते. वर बाईजाच्या जुन्या लुगड्याचा तुकडा घडी करून ठेवला होता. गाळून गाळून तो हिरवा झाला होता. धाऊने तो हुंगला, आणि मग उगाच कोणी बघेल म्हणून खांद्यावर टाकला.

दुसऱ्या दिवशी त्याने काढा पुन्हा केला. शेवटी रिठ्यांचं भिजवण घातलं आणि कोपरापर्यंत हात बुडवून चोळत राहिला. पांढरा फेस वर आला, बादलीच्या कडेवरून उतू गेला. खाचरात पहिली केरसुणी झटकली, आणि थेंब पानावर पडला, पसरला आणि तिथेच राहिला. माव्याच्या अंगावर पातळ चकाकी चढली. थोड्या वेळाने एक मावा हलला. मग सगळा शेंडा हलला. इतक्या दिवसांत धाऊला पहिल्यांदाच मावा घाईत दिसला.

सूर्य डोक्यावर आला तेव्हा खाचर संपलं होतं. तहानेने जीभ टाळूला चिकटली होती. वहाळाला घोट्याएवढं पाणी होतं. धाऊने वाकून हात बुडवले, चार वेळा खळखळून घेतले, ओंजळ भरून पाणी प्यायलं. नेम मोडल्याचं पाणी पिऊन झाल्यावर ध्यानात आलं. आता मोडलाच म्हणून त्याने मिशीही धुतली.

मग बांधावर बसून त्याने फडकं सोडलं. सावळीने दोन भाकऱ्या आणि सुक्या जवळ्याची चटणी दिली होती. तो वालाकडे बघत बघत खाऊ लागला.

अर्धी भाकरी संपली तेव्हा तो थांबला.

त्याने हातातल्या अर्ध्या भाकरीकडे बघितलं. मग हाताकडे. मग बोट तोंडात घातलं. मीठ लागलं, मिरची लागली. दुसरं काही लागलं नाही. हा हात चटणीने माखलाय म्हणून असेल, असं वाटून त्याने दुसऱ्या हाताचं बोट तोंडात घातलं. त्याला तर काहीच लागलं नाही. पाणी प्यायल्यावर पाण्याला जी चव असते, ती होती.

बांधावरच्या बगळ्याने एक पाय उचलला आणि तसाच उभा राहिला.

दामू आईचं बोट चोखत झोपला होता. अजिबात न रडता.

एका वर्षी तर मावा पडलाच नव्हता. धाऊ दोनदा सबंध खाचर फिरून आला होता, एक किडा दिसला नव्हता. "दिवसा लपतंय त्ये," बाईजा म्हणाली होती आणि काढा वाटायला बसली होती. त्याही वर्षी तिचे हात तीन दिवस कडू होते. त्या वर्षी त्याची भाकरी पहिल्यांदा गोल झाली होती, आणि त्याने ती मोडायच्या आधी बाईजा कितीतरी वेळ तिच्याकडे बघत बसली होती.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तो दरवर्षी विचारायचा, "उद्या सुटतील ना गो हात?" आणि ती आपल्या तळव्यांकडे बघून म्हणायची, "सुटतील बहुतेक." ते म्हणताना तिचा आवाज जरा उतरलेला असायचा. आपण कामाला लागायचंय म्हणून असेल, असं त्याला वाटायचं.

पहिलं वर्ष खरं होतं. त्या वर्षी कुत्राही पळाला होता. पण दुसऱ्या वर्षापासून फडताळावर रिठे होते, आणि रिठ्यांचा फेस लागलेला हात वहाळात चार वेळा खळखळला की सुटत होता.

धाऊला राग यायला हवा होता. तो थोडा वेळ राग येण्याची वाट बघत बसला. समोर वालाच्या पानांवर फेस वाळत होता. राग आला नाही. मग त्याने उरलेली भाकरी उचलली, तिचे अगदी लहान लहान तुकडे केले, आणि एकेक करून सावकाश खाल्ले.

*

घरी आला तेव्हा ओट्यावर हौसा बसली होती. ती सहज आली होती, असं त्याने न विचारताच तिने सांगितलं. अंगणात दामू लाकडं फोडत होता. त्याच्या बाजूला कमळू उभा राहून लाकडं कशी फोडू नयेत ते सांगत होता.

"झालं काय, भावजी?" हौसाने विचारलं. "आन हात?"

दामूची कुऱ्हाड थांबली. कमळूनेही मान वळवली.

धाऊने दोन्ही हात समोर धरले, जसे काही ते दुसऱ्या कोणाचे असावेत.

"कडू," तो म्हणाला. "लई कडू."

"धुतले नाय ना?"

"नेम हाय ना."

हौसाने त्याच्या ओल्या मिशीकडे बघितलं. मिशीत भाकरीचा एक कण अडकला होता. "पंधरा वरसं मी आमच्या हिला सांगतंय," कमळू दामूला म्हणाला, "एवढा कडू जिन्नस कशाला घालतेस. ऐकतंय कोन?" हौसा उठली, पदर सारखा केला आणि धाऊजवळून जाताना हळूच म्हणाली, "मिशी पुसा."

आठवड्याने मावा शेंड्यावरच वाळून कोळसा झाला होता. बोट लावलं की झडत होता. नवी फुलं पांढरीशुभ्र आली होती. फक्त वहाळाकडच्या चार ओळींत थोडा जीव धरून होता. पुन्हा एकदा काढा लागणार होता, आणि ह्या वेळी धाऊने सावळीला बोलावलं.

तो पाट्यापासून दहा हात लांब, तिच्याकडे पाठ करून बसला. सावली उलट्या बाजूला पडते हे त्याने दोनदा बघून घेतलं. तिथून त्याने चारही जिन्नस सांगितले, किती ते सांगितलं, किती भिजवायचे ते सांगितलं. सगळ्यात शेवटी रिठे सांगितले. सावळी एकदाच विचारायची आणि पुन्हा विचारायची नाही. तिचा वरवंटा बाईजाच्या वरवंट्यासारखाच वाजत होता, किंवा सगळेच वरवंटे तसे वाजत असतील. धाऊने ते कधी नीट ऐकलं नव्हतं.

चार ओळी शिंपडून झाल्या. सावळी वहाळात उतरली. हात धुतले, वर काढले, झटकले. मग बांधाकडे पाठ असताना तिने बोट ओठाला लावल्याचं धाऊला दिसलं. ती वळली. धाऊ बगळा बघत होता.

"मामा," ती म्हणाली, "हात तर—"

"तीन दिस चुलीला शिवायचं नाय," धाऊ म्हणाला. "जेवायलापन आपल्या हातानं घ्यायचं नाय. तुज्या सासूचा नेम हाय."

सावळीने आपल्या हातांकडे बघितलं, मग त्याच्याकडे. वहाळाचं पाणी तिच्या पायांवरून वाहत होतं. मग तिने दोन्ही हात लुगड्याला न पुसता तसेच समोर धरले.

"बरं," ती म्हणाली. बांधावर आल्यावर जरा थांबून तिने विचारलं, "तीनच?"

धाऊने विचार केला.

"सालीवर हाय. साल जुनी असली तर चार."

दामूला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "भाकऱ्या? मी?" आणि अंगणात जाऊन उगाच एक फोडलेलं लाकूड पुन्हा फोडून आला. धाऊने परात त्याच्याकडे सरकवली. पीठ किती घ्यायचं ते दाखवलं. पाण्याचं सांगितलं, कडेला दाबायचं सांगितलं. बाकीचं तिला विचार, म्हणाला. सावळी ओट्यावर बसली होती. आल्यापासून पहिल्यांदाच बसली होती, आणि कसं बसावं ते नीट न सुचून तिने पाय एकदा लांब केले, एकदा जवळ घेतले. मग आतून धूर आला, दामू खोकला, आणि ती सांगू लागली.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी धाऊ बैलांना पाणी दाखवून परत आला. दार लोटलेलं होतं.

"दामू, दार का रे लोटलंय?"

आत एक भांडं सरकलं. कोणीतरी हसू दाबलं. मग दामूचा आवाज आला.

"मांजर येतंय, बा."

ते लंगडं मांजर मरून बारा वर्षं झाली होती. धाऊ ओट्यावर दाराकडे पाठ करून बसला. खालच्या बाजूला वालाचं खाचर उन्हात होतं, आणि इथूनही शेंगा दिसत होत्या, किंवा त्याला तसं वाटत होतं. पायवाटेने कमळू काहीतरी मागायला घराकडे येताना दिसला, तेव्हा धाऊने कोपऱ्यातली काठी उचलली, ओट्याखाली उतरला, आणि नसलेल्या मांजराला मोठमोठ्याने हाकलत पार कुंपणापर्यंत घेऊन गेला.